फेरारी ३६० मोडेना: एफ१ काढून गेटवाला गिअर बसवावा का?

फ्रीमाँटचा_बाळ्या:
मंडळी, माझ्याकडे २००२ ची ३६० मोडेना आहे, एफ१ वाली, म्हणजे स्टिअरिंगमागे पॅडल आणि खाली क्लचच नाही. हायवेला गाडी झकास, पण ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्यात असा हिसका देते की बायको हल्ली शेजारी बसायलाच तयार नसते. परवा एका मित्राची मॅन्युअल ३६० चालवली, तो गेटमधला (गिअरच्या दांड्याभोवतीची खाचांची धातूची पट्टी) खट्ट आवाज ऐकला आणि झोपच उडाली. कोणी हे बदलून घेतलंय का? बजेट २० हजार डॉलर, त्याच्यावर एक छदामही नाही. गाडी विकायची नाहीये, हे आधीच सांगतो.

दुबईकर_दादा:
विकून टाक आणि ओरिजिनल मॅन्युअल एफ४३० घे. माझ्याकडे आहे. ४८३ घोडे, इंजिनचा टायमिंग बेल्ट सारखा बदलायची कटकट नाही, चेन आहे. ३६० मध्ये पैसे घालणं म्हणजे भाड्याच्या घराला मार्बल.

फ्रीमाँटचा_बाळ्या:
दादा, बजेट २० आहे हो. आणि विकायची नाहीये.

दुबईकर_दादा:
थोडं कर्ज काढ. एकदाच होतं.

कोथरूड_टर्बो:
ऑटोमॅटिक सोडून कोणी मॅन्युअल करतं का, इथे चांदणी चौकात क्लच दाबून दाबून गुडघा गेलाय आमचा. बाय द वे आपल्याकडे असं केलंत तर आरटीओ दारात उभा राहील, मोटार वाहन कायदा कलम ५२, कंपनीने दिलीये तशीच गाडी ठेवावी लागते.

गंजलेला_नट:
एफ१ हे ऑटोमॅटिक नाहीच मुळी!! तोच मॅन्युअल गिअरबॉक्स, तोच क्लच, फक्त तुमच्या पायाचं आणि हाताचं काम हायड्रॉलिक पंप करतो. म्हणूनच बदलता येतं. माझी बीएमडब्ल्यू ई४६ एम३ एसएमजी (बीएमडब्ल्यूचं एफ१ सारखंच प्रकरण) होती, आतला गेट्रागचा बॉक्स मॅन्युअलवाल्या गाडीचाच, मी गॅरेजमध्ये जमिनीवर पडून स्वतः मॅन्युअल केली, मेकॅनिकला एक पैसा दिला नाही. ३६० पण तशीच. इंग्लंडमध्ये ब्रेकरकडे (जुन्या गाड्या मोडून विकणारे) सामान स्वस्त मिळतं, तिथून सगळा सेट मागव.

ह्यूस्टनचा_आबा:
वरचं अर्धं बरोबर आहे. मी एफ४३० करून घेतली आहे (फोटो टाकतो रविवारी). लिस्ट अशी की पेडल बॉक्स, क्लचचा मास्टर सिलिंडर आणि त्याची लाइन, गेटसकट शिफ्टर, दोन केबल, मधला कन्सोल, गिअरबॉक्सवरचा अॅक्च्युएटर (हायड्रॉलिकने गिअर टाकणारा भाग) काढून मॅन्युअलचा सिलेक्टर, आणि मग ईसीयूला (इंजिनचा कॉम्प्युटर) समजवायचं की बाई तू आता मॅन्युअल आहेस, नाहीतर डॅशबोर्ड रोज नवीन दिवे लावतो. एफ४३० मध्ये ई-डिफ (मागच्या चाकांना ताकद वाटणारा इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल) त्याच हायड्रॉलिकवर चालतो म्हणून पंप ठेवावा लागला. तुझ्या ३६० ला साधं मेकॅनिकल डिफ आहे, पंपासकट सगळं बाहेर काढता येईल, तेवढं नशीब समज. माझं बिल चाळीसच्या घरात गेलं. वीसमध्ये होईल असं मला वाटत नाही. आणि इंग्लंडचा पेडल बॉक्स राइट हँडचा असतो हो नट साहेब, तो फ्रीमाँटच्या गाडीत कुठे लावायचा, डिकीत?

गंजलेला_नट:
पेडल बॉक्स सोडून म्हणायचं होतं मला.

सॅन_मटेओची_सुनंदा:
माझीही ३६० एफ१ आहे आणि मी ती तशीच ठेवणार आहे. बाळ्या, आधी हे बघ. ड्रायव्हरचं दार उघडलं की मागे पंपाचा घूं आवाज येतो ना, तो काही सेकंदांत थांबतो का? थांबून लगेच लगेच परत सुरू होत असेल तर अॅक्युम्युलेटर (हायड्रॉलिकचा दाब साठवणारा डबा) गेलाय. पंपाचा रिले (त्याला चालू-बंद करणारा स्विच) चिकटला की पंप चालूच राहतो आणि जळतो, रिले किरकोळ किमतीचा आणि पंप महाग, तो आजच बदल. मग चॅलेंज स्ट्राडालेचं (३६० चंच रेसिंगकडे झुकणारं मॉडेल) टीसीयू म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर टाकून घे आणि क्लचचा पीआयएस पॉइंट (क्लच जिथे पकडायला लागतो तो) नीट सेट करून घे. तुझा हिसका बऱ्यापैकी कमी होईल. आणि चढावर रिव्हर्समध्ये इंच इंच सरकू नकोस, तिथेच क्लच जळतो, सॅन फ्रान्सिस्कोत पार्किंग करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

कोथरूड_टर्बो:
शूमाकरने पॅडलवर पाच चॅम्पियनशिप जिंकल्या फेरारीला, आणि तुम्ही परत क्लच मागताय.

गंजलेला_नट:
शूमाकरच्या आधीचं बोला. १९८९ मध्ये मॅन्सेलने ब्राझीलला पहिल्याच रेसमध्ये पॅडलवाली फेरारी ६४० जिंकवली. रोडच्या गाडीत १९९७ ला ३५५ मध्ये आलं. रेसमध्ये ठीक आहे हो, तिथे कोणाला सिग्नलला थांबायचंय.

दुबईकर_दादा:
३५५ चा विषय निघालाच आहे तर माझ्या एका मित्राकडे विकायला आहे, मॅन्युअल. बाळ्या, व्यनि कर.

ह्यूस्टनचा_आबा:
बाळ्या, दोन गोष्टी राहिल्या. तुमच्या कॅलिफोर्नियात जुलै २०२१ पासून स्मॉग चेकला (तिथली पीयूसी) ईसीयूचं सॉफ्टवेअरही तपासतात. कोणीतरी लॅपटॉपवर शिजवलेलं ट्यून टाकून देईल तर गाडी नापास. फॅक्टरीचं मॅन्युअल सॉफ्टवेअरच टाकतात का ते कामाआधी लिहून घे. दुसरं, व्हीआयएन (गाडीचा चॅसिस नंबर) एफ१ चाच राहणार, ओरिजिनल मॅन्युअलचा भाव तुला कधी मिळणार नाही. करायचंच असेल तर क्लच बदलायच्या वेळी कर, बॉक्स तसाही खाली उतरतो, मजुरी एकदाच पडते. टायमिंग बेल्ट कधी बदललायस?

सॅन_मटेओची_सुनंदा:
हेच मी सांगणार होते, स्मॉगचं. आणि मी तरी परत सांगते, रिले.

फ्रीमाँटचा_बाळ्या:
सगळ्यांचे आभार. रिले बदलला, सॉफ्टवेअरचंही विचारलं. मीटर लावला तेव्हा क्लच ७० टक्के झिजलेला निघाला, म्हणजे बॉक्स उतरणारच. मग मनाशी ठरवलं, मॅन्युअल करतोय. शिफ्टर आणि केबल इंग्लंडहून, पेडल बॉक्स इथल्याच एका ठोकलेल्या गाडीचा, सॉफ्टवेअर फॅक्टरीचंच असं शॉपने लिहून दिलंय. एकूण ३१ होतंय. बजेटबद्दल कोणी बोलू नका. बायकोला २० च सांगितलंय. बेल्ट पुढच्या वर्षी.

ह्यूस्टनचा_आबा:
बेल्ट पुढच्या वर्षी?? बेल्ट तुटून इंजिन गेलं तर ३१ मध्ये काय येतं ते बघ.

शारजाहचा_सुभ्या:
नवीन मेंबर. माझ्या ३६० चा पंप गेलाय. बाळ्या, तुमचा काढलेला पंप आणि अॅक्च्युएटर विकणार का? किती?

फ्रीमाँटचा_बाळ्या:
नाही हो सुभ्या, सगळं खोक्यात भरून, नट-बोल्टसकट लेबल लावून माळ्यावर ठेवतोय. उद्या कोणी ओरिजिनलच पाहिजे म्हणणारा गिऱ्हाईक आला तर? तुम्ही आधी रिले बघा.