डीएमएसए घेऊन केलेल्या लघवीच्या तपासणीत शिसं वाढलेलं: ईडीटीए घ्यावं का?

प्रश्न: डीएमएसएची (शरीरातले धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध) कॅप्सूल घेऊन सहा तासांची लघवी तपासली. शिसं लाल रकान्यात आलंय. वेलनेस सेंटरवाले ईडीटीएची (तसंच धातू बांधणारं, शिरेतून देतात ते औषध) २० सलाईनं सांगतायत. घ्यावीत का?

उत्तर १: रिपोर्टच्या तळाची बारीक ओळ वाचा. संदर्भमर्यादा बहुधा औषध न घेतलेल्यांची असते. डीएमएसए घेतल्यावर निरोगी माणसाच्याही लघवीत शिसं वाढतंच, म्हणून तो आकडा विषबाधेचा पुरावा नव्हे. औषध न घेता, शिरेतून काढलेल्या रक्तातलं शिसं मोजा. लहान मुलांतसुद्धा कीलेशन (अशा औषधांनी धातू बाहेर काढणं) रक्तात साधारण ४५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरपासून. त्याखाली शिसं येतंय कुठून ते शोधून बंद करायचं.

उत्तर २: आर्सेनिकही वाढलंय? मासे-कोळंबीतलं आर्सेनोबीटाइन (आर्सेनिकचं सेंद्रिय रूप) निरुपद्रवी असतं, पण एकूण आकडा फुगवतं. पाच दिवस मासळी बंद ठेवून असेंद्रिय आर्सेनिक वेगळं मोजून घ्या.

प्रश्नकर्ता: शिसंच फक्त. बाटलीवर ‘डायसोडियम ईडीटीए’ लिहिलंय.

उत्तर १: मग मुळीच नको! शिशासाठी कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए वापरतात. नुसतं डायसोडियम रक्तातलं कॅल्शियमच बांधून टाकतं आणि हृदय बंद पडू शकतं. अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान कीलेशननंतर कॅल्शियम घसरून दोन मुलं दगावली होती.