मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यातलं क्रोमियम नागपुरात कुठे तपासून मिळेल?

नमस्कार मंडळी. आम्ही हिंगणा एमआयडीसीच्या जवळ राहतो. नळ अजून आला नाही, त्यामुळे प्यायलाही बोअरचंच पाणी. आजूबाजूला प्लेटिंगची (धातूवर क्रोमसारखा मुलामा चढवण्याची) कामं चालतात आणि घरात लहान मुलं आहेत, म्हणून क्रोमियमची तपासणी करून घ्यायची आहे. पाणी दिसायला स्वच्छ आहे, पण त्यावरून काहीच कळत नाही. टीडीएस मीटरही क्रोमियम वेगळं दाखवत नाही आणि उकळून ते जात नाही.

भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. मला एकूण आणि षट्संयुजी (हेक्झाव्हॅलंट, जास्त विषारी) दोन्हींचे आकडे हवेत. एकूण क्रोमियमच्या नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालतात, षट्संयुजीचा मात्र ॲसिड न घालता थंड ठेवून लवकर पोचवावा लागतो. म्हणून बाटल्या लॅबनेच दिल्या तर बरं.

नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) किंवा भूजल सर्वेक्षणाची प्रयोगशाळा घरगुती नमुना घेते का? एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची खाजगी लॅब कोणी वापरली असेल तर खर्च किती आला? अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा, तोवर प्यायला कॅन आणतोय.