रीबिल्ट सॅल्व्हेज टायटलची २०१६ कॉर्व्हेट (सी-७): घ्यावी की सोडावी?

फ्रिस्कोकर

मंडळी, डॅलसजवळ एक गाडी पाहून ठेवली आहे आणि निर्णय अडलाय. तपशील असा:

२०१६ शेव्हरले कॉर्व्हेट स्टिंगरे (सी-७, म्हणजे सातवी पिढी), झेड-५१ परफॉर्मन्स पॅकेज, ७ गिअरची मॅन्युअल, ४१,००० मैल. टायटल (मालकीचा कागद) टेक्सासचं, त्यावर 'रीबिल्ट सॅल्व्हेज', म्हणजे अपघातात बाद ठरून नंतर दुरुस्त केलेली. छोटा डीलर आहे, २८,५०० डॉलर म्हणतोय. एवढ्याच मैलांची क्लीन टायटलवाली इकडे ४०,००० च्या घरात दिसते.

व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून शोधल्यावर लिलावातले जुने फोटो मिळाले. मार पुढून डावीकडे, बॉनेट उचकटलेलं, स्टीअरिंगमधली एअरबॅग उघडलेली, डावं पुढचं चाक मागे सरकून जवळपास फेंडरला टेकलेलं. आता गाडी चकाचक दिसते. पेंटची जाडी मोजायचं मीटर लावलं तर दारांवर आकडाच येईना, बॉनेटवर काहीतरी विचित्र आला. लोहचुंबकही कुठे चिकटत नाही.

वापर शनिवार-रविवारचा, वर्षाला ४-५ हजार मैल, त्यात दोनतीन ट्रॅक डे. निदान ५ वर्षं ठेवायची आहे. काय काय तपासू, आणि या किमतीला घेण्यात अर्थ आहे का?

---

नटबोल्ट

मीटर बिघडलेलं नाही, गाडी लोखंडाची नाही. सी-७ ची दारं, फेंडर, मागचे क्वार्टर पॅनेल सगळे कॉम्पोझिटचे. बॉनेट आणि निघणारं छत कार्बन फायबरचं. साधं मीटर पोलादावर चुंबकीय पद्धतीने आणि अ‍ॅल्युमिनियमवर एडी करंटने मोजतं. फायबरच्या पॅनेलवर ते मुकं होतं आणि कार्बनवर वाट्टेल ते बोलतं. त्यासाठी अल्ट्रासॉनिक मीटर लागतं. पण तुमच्या बाबतीत त्यावर पैसे घालू नका. पुढचा भाग नव्याने रंगवलाय हे फोटोच सांगतायत. रंगाखाली काय आहे हा प्रश्न गौण. पॅनेलच्या आत काय आहे ते बघा.

आत अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आहे. वेगवेगळ्या जाडीच्या रेल, जोडाच्या जागी कास्टिंग, आणि हे सगळं वेल्ड, फ्लो-ड्रिल स्क्रू (स्वतःच भोक पाडून बसणारे) व स्ट्रक्चरल अ‍ॅडहेसिव्ह यांनी मिळून बांधलेलं. गल्लीतला बॉडीशॉप इथेच गोंधळ घालतो. पोलादी फ्रेम ओढून जागेवर आणता येते, बऱ्याचदा नीटही बसते. हे अ‍ॅल्युमिनियम ओढलं की चिरतं, आणि आच देऊन सरळ केलं तर त्याचं टेंपर (कणखरपणा) जातं. दिसायला सरळ, आतून मऊ. पुढच्या धडकेला ती रेल ठरल्याप्रमाणे चुरत नाही. म्हणून रेलला मार असेल तर तुकडा कंपनीच्या सांगितलेल्या जागी कापून नवा बसवायचा असतो.

गाडी लिफ्टवर घ्या, खालची प्लॅस्टिक कव्हरं काढायला लावा. मग डावी आणि उजवी बाजू शेजारीशेजारी ठेवून पाहा:

१. वेल्ड. फॅक्टरीचे एकसारखे आणि दोन्ही बाजूंना एकाच जागी असतात. फक्त डावीकडे हाताने मारलेला, नाण्यांच्या चळतीसारखा टिग वेल्ड दिसला तर तो कुठल्या दुरुस्तीचा हे बिलावर असायला हवं.

२. फ्लो-ड्रिल स्क्रूंची डोकी. उजवीकडे स्क्रू आणि डावीकडे त्याच जागी साधा पॉप रिव्हेट किंवा हार्डवेअरच्या दुकानातला नटबोल्ट असेल तर पुढे बघायची गरज नाही. कोटिंग नसलेला पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये ठेवला की भोवती पांढरी भुकटी धरते. ते गंजणंच आहे, फक्त तांबडं नसतं.

३. रेलवर काळा अंडरकोट. फॅक्टरी तिथे कोट देत नाही. कोणीतरी दिला असेल तर कशावर दिला ते खरवडून बघा.

४. पुढच्या क्रेडलचे (इंजिन आणि सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीचे) बोल्ट. पान्याच्या खुणा असणार, ते ठीक. पण क्रेडल आणि फ्रेम यांच्यामध्ये वॉशर घुसवून जागा भरली असेल तर गाडी तिथेच सोडा.

शेवटचं आणि खरं: थ्री-डी मोजमापाचा कागद. अपघाताची कामं करणाऱ्या, अ‍ॅल्युमिनियमसाठी प्रमाणित शॉपमध्ये गाडी बेंचवर चढवून ठरलेले बिंदू मोजतात. साधारण ३ मिलिमीटरच्या आत फरक हवा. डीलरकडे असा कागद नसेल तर स्वतःच्या खर्चाने करून घ्या.

---

नोंदवही

कागदांचं बोलतो, कारण टेक्सासमध्ये लोकांची मोठी गैरसमजूत असते. 'रीबिल्ट' शिक्का म्हणजे सरकारने गाडी तपासली असं नाही. इथे दुरुस्ती करणारा व्हीटीआर-६१ हा फॉर्म भरतो: काय बदललं, पार्ट कुठून आणले. त्यासोबत ६५ डॉलर फी. फ्रेम सरळ आहे का हे कोणी मोजत नाही. वरून २०२५ पासून खाजगी गाड्यांची वार्षिक सेफ्टी तपासणीही राज्याने बंद केली. म्हणजे ती जबाबदारी तुमच्यावर आली.

त्या व्हीटीआर-६१ ची प्रत डीलरकडे मागा. त्यात 'लेफ्ट फ्रंट रेल' लिहिलंय का बघा. फोटोत चाक मागे गेलेलं आहे आणि फॉर्ममध्ये फक्त बंपर, फेंडर, हेडलाइट असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय.

आणखी एक. टेक्सासमध्ये दुरुस्तीचा खर्च गाडीच्या अपघातापूर्वीच्या किमतीपेक्षा जास्त झाला की सॅल्व्हेज धरतात. काही राज्यांत ही रेषा बरीच खाली आहे. त्यामुळे सॅल्व्हेजचा पहिला शिक्का कुठल्या राज्यात बसला ते शोधा. टेक्सासात बसला असेल तर मार किरकोळ नव्हता. यासाठी एनएमव्हीटीआयएसचा (देशभरच्या टायटल नोंदींचा) रिपोर्ट काढा, थोड्या डॉलरांत मिळतो. एनआयसीबी या विमा-फसवणूकविरोधी संस्थेची व्हिनचेक फुकट आहे. दोन्ही बघा, कारण एका राज्यातून दुसऱ्यात नेऊन शिक्का पुसण्याचे प्रकार होतात. व्हिनचं दहावं अक्षर 'जी' असायला हवं, ते २०१६ चं.

कराचंही बघून ठेवा. गाडी डीलरकडून घेताय म्हणून ६.२५ टक्के खऱ्या किमतीवर लागेल. हीच गाडी एखाद्या व्यक्तीकडून घेतली असती आणि किंमत राज्याच्या मानीव किमतीच्या ८० टक्क्यांखाली असती, तर कर त्या ८० टक्क्यांवर बसला असता. ते टाळायला २० कामाच्या दिवसांत प्रमाणित मूल्यांकन जोडावं लागतं. विकताना तुमच्या गिऱ्हाइकाला हे सांगावं लागेल.

---

एसआरएस

एअरबॅगकडे अजून कोणी वळलं नाही, आणि माझ्या मते जीवाचा खेळ तिथेच आहे.

२०२४ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसएने (रस्ता-सुरक्षा खात्याने) इशारा काढला होता: बाहेरून आलेल्या निकृष्ट इन्फ्लेटरमुळे (बॅग फुगवणाऱ्या भागामुळे) मागच्या नऊ महिन्यांत तीन जण गेले आणि दोघांना जन्मभराच्या इजा झाल्या. ज्या अपघातातून माणूस सहज वाचला असता त्यात धातूचे तुकडे छाती-मानेत घुसले. असे पार्ट जुन्या गाड्यांमध्ये दुरुस्तीच्या वेळी शिरतात. तुमच्या गाडीतली स्टीअरिंगची बॅग उघडली होती, म्हणजे ती बदललेली आहे. किंवा बदललेलीच नाही!

तपासायचं असं. किल्ली ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. लागलाच नाही तर दिवा मारून ठेवलाय. विझला म्हणूनही खूश होऊ नका. बॅगच्या जागी दोनतीन ओहमचा रेझिस्टर लावला की मॉड्यूल (एअरबॅगचा कंट्रोलर) फसतं आणि दिवा शहाण्यासारखा विझतो. म्हणून स्टीअरिंगचा मधला भाग उतरवून प्रत्यक्ष बॅग, तिचं लेबल आणि पार्ट नंबर बघायचा, आणि तो नंबर शेव्हीच्या पार्ट काउंटरवर व्हिनशी जुळवून घ्यायचा. हे प्रशिक्षित मेकॅनिककडूनच, बॅटरी सोडवून, थोडा वेळ थांबून. सी-७ ची बॅटरी मागे डिकीत आहे, पुढे शोधत बसू नका.

सीट बेल्ट लोक विसरतात. धडकेत प्रीटेन्शनर (बेल्ट आवळणारा भाग) उडतो आणि बेल्ट अडकतो किंवा ढिला पडतो. बेल्टच्या मुळाशी तारखेची चिठ्ठी शिवलेली असते. ड्रायव्हरची २०१५-१६ चीच असेल आणि त्या बाजूची बॅग उडालेली असेल, तर विचारा की बेल्ट का बदलला नाही.

मॉड्यूलमध्ये अपघाताची नोंद राहते. काही जण मॉड्यूल पोस्टाने पाठवून ती पुसून आणतात. त्यापेक्षा नवं, याच व्हिनला प्रोग्रॅम केलेलं मॉड्यूल बरं. जीएमचं जीडीएस-२ (कंपनीचं स्कॅनिंग साधन) लावून प्रत्येक मॉड्यूलचे कोड वाचा. साधा ओबीडी रीडर फक्त इंजिनाचे दाखवतो, बॉडीचे 'बी' आणि संपर्क तुटल्याचे 'यू' कोड त्याला कळत नाहीत.

---

फ्रिस्कोकर

सर्वांचे आभार. आज परत जाऊन आलो. बिलं दाखवली: क्रेडल जुनं वापरलेलं, दुसऱ्या कॉर्व्हेटवरचं. डावे वरचे-खालचे आर्म, नकल (चाकाचा हब धरणारा भाग), रेडिएटर, हेडलाइट, बॉनेट बदललं. एअरबॅगचं बिल 'शोधून देतो' म्हणाला. रेलबद्दल 'हातही लावावा लागला नाही' असं उत्तर. थ्री-डी कागद नाही, पण अलाइनमेंटची प्रिंट दिली. तीत डाव्या बाजूचा कॅस्टर (बाजूने पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा कल) उजव्यापेक्षा १.१ अंशाने कमी आहे, आणि डावीकडचे कॅम (कोन जुळवायचे बोल्ट) शेवटाला टेकलेत. गाडी थोडी डावीकडे ओढते. तो म्हणतो टायरमुळे.

---

नटबोल्ट

टायरमुळे ओढ येते, कॅस्टर बदलत नाही. पुढचे दोन टायर आपसांत बदलून बघा: ओढ उजवीकडे गेली तर टायरचा दोष. कॅस्टर मात्र तिथेच राहील.

खालचे आर्म क्रेडलवर असतात. डावा खालचा बॉल जॉइंट मागे राहिला तर कॅस्टर कमी होतो आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. तुमचं चित्र तंतोतंत तेच. कॅम शेवटाला टेकलेत म्हणजे अलाइनमेंट करणाऱ्याने होतं तेवढं ओढून झालंय.

आता हा दोष क्रेडल तिरकं बसल्याचा की रेल मागे गेल्याचा? चाकांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा, पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत, स्टीअरिंग सरळ धरून. सी-७ चा व्हीलबेस १०६.७ इंच, म्हणजे २,७१० मिलिमीटर. डावीकडे कमी भरला तर चाक मागे आहे हे पक्कं. मग प्रिंटमध्ये इन्क्लूडेड अँगल बघा, म्हणजे एसएआय (पुढून पाहता स्टीअरिंगच्या अक्षाचा कल) अधिक कँबर (चाकाचा उभा कल). डाव्या-उजव्याचा तो सारखा आणि एसएआय-कँबर वेगवेगळे असतील तर नकल धड आहे, घोळ क्रेडलच्या जागेत किंवा रेलमध्ये. इन्क्लूडेड अँगलच वेगळा असेल तर ते बदललेलं नकलसुद्धा वाकडं आहे.

क्रेडल नुसतं सरकलेलं असेल तर बोल्ट ढिले करून जागेवर आणता येतं, अर्ध्या दिवसाचं काम. 'हातही लावावा लागला नाही' हे वाक्य मात्र फोटोतल्या चाकाशी जुळत नाही.

---

लक्ष्मीरोड

पैशांकडे या. ४०,००० च्या जागी २८,५०० म्हणजे २९ टक्के सूट. रीबिल्टला बाजारात साधारण २० ते ४० टक्के कमी मिळतात, म्हणजे ही नेहमीचीच किंमत आहे, घबाड नव्हे. आणि ती किंमत दुरुस्ती नीट झालेल्या गाडीची. कागद नसलेल्या गाडीला ती लावायची नाही.

बऱ्याच बँका रीबिल्टवर कर्ज देत नाहीत, तेव्हा रोख मोजायची तयारी ठेवा. विमा आधी लेखी विचारा. टेक्सासचा किमान ३०/६०/२५ (हजार डॉलर) लायबिलिटी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, मिळेल, पण कॉम्प्रिहेन्सिव्ह आणि कोलिजन (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) सगळे देत नाहीत. दिलं तरी पुढच्या अपघातात भरपाई रीबिल्टच्याच भावाने येईल, प्रीमियम मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही. ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक पॉलिसीत वगळलेलंच असतं.

कंपनीची वॉरंटी संपलेलीच आहे, तेव्हा तो तोटा मोजू नका. झेड-५१ चे टायर पुढे २४५/३५-१९ आणि मागे २८५/३०-२०, ते संपत आले असतील तर हजाराच्या वर गेलेच.

माझा हिशेब: थ्री-डी कागद चांगला आला, एअरबॅगचं बिल जुळलं, क्रेडल जागेवर आलं, तर २४,००० पर्यंत. यातलं एकही नसेल तर १८,००० लाही नको, कारण पाच वर्षांनी तुम्हाला हेच प्रश्न विचारणारा गिऱ्हाईक भेटणार आहे. बयाणा द्यायचाच असेल तर पावतीवर लिहून घ्या: मोजमाप ३ मिलिमीटरच्या बाहेर गेलं तर पूर्ण परत.

---

नटबोल्ट

वरच्या हिशेबाला +१. दोन गोष्टी राहिल्या.

झेड-५१ ला ड्राय संप आहे, म्हणजे इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत असतं. तेलाची टाकी पुढे इंजिनाजवळ, होजही तिथूनच जातात. पुढून बसलेल्या गाडीत होज पिचलेला आहे का ते हाताने चाचपून बघा. तेलाची पातळी इंजिन गरम करून, बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी बघायची. थंड गाडीत तेल संपमध्ये उतरलेलं असतं आणि डिपस्टिक खोटी वाचते. लोक त्यावर तेल ओतून टाकी जास्त भरतात.

डॅलसच्या उत्तरेच्या कॉलिन आणि डेंटन या दोन्ही काउंटींत एमिशन (धुराची) तपासणी चालूच आहे. २००१ पासूनच्या गाडीत एकच मॉनिटर (धूरयंत्रणेची गाडीने स्वतः घेतलेली चाचणी) अपूर्ण चालतो. डीलरने आदल्या दिवशी कोड पुसले असतील तर निम्मे मॉनिटर अपूर्ण दिसतील. रीडर लावून ते बघा, आणि दिसले तर काय पुसलं ते विचारा.

---

फ्रिस्कोकर

व्हीलबेस मोजला. उजवीकडे २,७०९, डावीकडे २,६९८. एअरबॅगचं बिल अजून आलेलं नाही. मंगळवारी बेंचची वेळ मिळतेय, डीलरला विचारलंय, गाडी बाहेर न्यायला तो 'मालकाशी बोलतो' म्हणाला.

---

एसआरएस

११ मिलिमीटर. मंगळवारची वेळ ठेवा, पण बिल आल्याशिवाय बेंचचे पैसे भरू नका.