वजनाचं इंजेक्शन आणि न्हाणीतले केस: आपापले अनुभव लिहा

मी रत्नागिरीची, वय 44. गेल्या गणपतीत आरतीला उभं राहिलं की गुडघे कुरकुरायचे. वजन होतं 91. गणपती पोचवले आणि डॉक्टरांनी टिर्झेपटाइड हे वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू केलं. आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं, पहिले चार आठवडे 2.5 मिलिग्रॅम, मग 5. शिमग्याची पालखी घरी आली तेव्हा काटा 77 वर होता. इथवर सगळं गोड.

जानेवारीत केस जायला लागले. न्हाणीच्या जाळीवर गुंता, उशीवर, परातीत भाकरीच्या पिठात. एकदा नवऱ्याने आमटीतला केस काढून मुकाट्याने ताटाच्या कडेला ठेवला. बोलला असता तर बरं झालं असतं. मी सगळं खापर बोअरच्या पाण्यावर फोडलं, कारण विहिरीचा पंप त्याच सुमारास जळला होता.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी माझाच एक केस पांढऱ्या कागदावर ठेवून दाखवला. मुळाशी खसखशीहून बारीक पांढरी गाठ. म्हणजे केस तुटलेला नाही, पुरता मुळापासून सुटलाय. शरीराला धक्का बसला की वाढीत असलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात, आणि वजन झपाट्याने उतरणं हाही धक्काच. दोन-तीन महिने ते डोक्यावर नुसते टिकून राहतात, मग एकत्र गळतात. नाव टेलोजेन एफ्लुव्हियम. जानेवारीत गळलेल्या केसांचा निकाल दिवाळीच्या आसपासच लागला होता, तेव्हा मी अर्ध्या भाकरीवर उठत होते आणि ते चारचौघांत सांगतही होते.

तुमचं कसं झालं? किती महिन्यांनी सुरू झालं, तेव्हा खात काय होता, थांबलं कधी? माक्याच्या तेलाची कृती मात्र नको, माझ्याकडे चार जणींच्या आहेत.

बंदरावरचा, मालवण
माझा सेमाग्लुटाइड, म्हणजे तशाच जातीचा दुसरा इंजेक्शन, चालू होता. भूकच मेली. सकाळी च्या, दुपारी पेज, रात्री काय नाय. केस गळाक लागले तेव्हा आवस म्हणाली, तुका दीठ लागली. मीठ-मिरची ओवाळून झाली. डॉक्टरान इचारल्यान, "मासे खातस मां?" मी गप. दारात होडी आणि मी तीन महिने बांगडो तोंडात घालूक नाय, वासानच मळमळायचा.

(आता नीट मराठीत.) तळलेलं सोसत नव्हतं, म्हणून बायकोने बांगडा हळदीच्या पानात वाफवून द्यायला सुरुवात केली. थोडं थोडं, दिवसातून चारदा. केस थांबायला आणखी अडीच महिने गेले. त्याचं श्रेय बांगड्याचं की काळाचं, देव जाणे.

कुळीथपिठी, लांजा
आम्ही शाकाहारी. "रोज पिठी पिते की" म्हणून मी निवांत होते. आहारतज्ज्ञ बाईंनी वही काढायला लावली. दोन चमचे कुळथाच्या पिठात प्रथिनं जेमतेम चार-पाच ग्रॅम, आणि मला दिवसाला सत्तरच्या आसपास सांगितलेली. पिठी कितीही भुरकली तरी हिशोब बसेना. आता आधी पनीर, उसळ किंवा मूग, मग जागा उरली तर भात. पूर्वी नेमकं उलट होतं. केस पाचव्या महिन्यात सुरू झाले, आठव्यात ओसरले.

पागोळी, दापोली
थोडं विषयांतर. पावसात इकडे लाईट गेली की दोन-दोन दिवस येत नाही. फ्रीजमधल्या इंजेक्शनच्या पेनचं काय करता? मी एकदा थेट बर्फावर ठेवलं, ते गोठलं आणि फेकावं लागलं. गोठलेलं वापरायचं नसतं हे नंतर कळलं. पैसे गेले त्याचं दुःख केसांहून मोठं होतं.

नमुना, कुडाळ
मी लॅबमध्ये रक्त घेतो. पागोळी, तुमच्या पेनसोबतचा कागद वाचा. बहुतेक पेनं 30 अंशांच्या आत काही आठवडे फ्रीजबाहेर चालतात, किती ते औषधागणिक वेगळं आहे.

आता मुद्द्याचं. केस गळतात म्हणून येणारे निम्मे लोक आधीच बायोटिनच्या (केसांसाठी म्हणून घेतात त्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या खात असतात आणि ते सांगत नाहीत. जास्त डोसच्या बायोटिनमुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती बंद ठेवा, आणि काय खाताय ते टेबलावर सांगा. लाजायचं काय त्यात?

भांग, सावंतवाडी
माझा अनुभव थोडा आडवा आहे, पण लिहिते. मीही "इंजेक्शनचं आहे, जाईल आपोआप" म्हणत नऊ महिने काढले. गेलं नाही. तपासणीत फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, निघालं 9, फारच कमी. पाळीत अतोनात जायचं आणि त्यात जेवण तुटलेलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, गळणं कमी झालं. तरी भांग रुंदच राहिला. तो आमच्या आईचा वारसा, मावश्यांचेही तसेच आहेत. इंजेक्शनने तो लवकर उघडा पाडला एवढंच. त्यावर वेगळं औषध लावते आहे. तेव्हा सहा महिन्यांच्या पुढे गेलं, किंवा गोल चकती पडली, टाळूला खाज-आग असेल, तर वाट बघू नका.

पाग, चिपळूण
पुरुषांना कोणी विचारत नाही म्हणून लिहितो. मला कळलंच नाही, सलूनवाल्याला कळलं. "दादा, मागे विरळ लागतंय." टिर्झेपटाइडच्या अमेरिकन माहितीपत्रकात चाचण्यांमधले केस गळण्याचे आकडे आहेत: बायकांमध्ये 7.1 टक्के, पुरुषांमध्ये 0.5. तुलनेसाठी औषधाविना नुसतं इंजेक्शन घेणाऱ्या बायकांमध्येही 1.3 होतेच. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, त्या अर्ध्या टक्क्यातही तुम्हीच कसे!

परत आलेली, अलिबाग
मी केसांपायी इंजेक्शन बंद केलं. कोणाला न विचारता. वाटलं, आज बंद, उद्या केस थांबतील. पुढे दोन महिने तसेच गळत राहिले, कारण जे सुटायचे होते ते आधीच सुटले होते. त्या दोन महिन्यांत भूक अशी परतली की रात्री अकरा वाजता मी पोह्यांचे पापड भाजत होते. सहा किलो परत चढले. केस शेवटी भरले ते भरलेच, ते तसेही भरले असते. आता पुन्हा सुरू केलंय. डोस सावकाश वाढवतोय आणि महिन्याला दोन किलोच्या वर उतरलं तर डॉक्टर मला दटावतात. मैत्रिणींना वाटतं मी हळू आहे.

नानी, देवगड
माझं वय 68, मी काही टोचून घेत नाही, लेकीसाठी वाचते. आमच्या वेळी बाळ माणसं ओळखायला लागलं की आईचे केस जायचे. सासू म्हणायची, बाळाने ओळखलं, आता केस जाणार. चौथा महिना असायचा. टायफॉइडातून उठल्यावरही तसंच. तुम्ही लिहिता ते वाचून वाटलं, हे तेच की. तेव्हा डिंकाचे लाडू नि आळीव मिळायचे, म्हणजे निदान खाऊ तरी घालायचे. तुम्ही इंजेक्शनवाल्या पोरी खातच नाही. लेक भाताची मूद निम्मी मोडून बाजूला सारते तेव्हा माझ्या जिवाला लागतं.

धागाकर्ती
नानी, वाचून हसले आणि गप्प बसले. भांग, तुमच्यामुळे मीही फेरिटिन करून आले, ठीक आहे.

माझी हकीगत पुरी करते. चैत्रात मैत्रिणीने वेंगुर्ल्याहून सुरंगीचा वळेसर पाठवला. शेपटी इतकी बारीक की तो निसटून खांद्यावर यायचा, दोन चाप लावून कसाबसा बसवला. त्याच दिवशी आरशात दिसलं की कपाळाच्या कडेने बोटाच्या पेराएवढे केस उभे आहेत. खोबरेल चोपडूनही बसत नाहीत. सासूबाईंनी जवळ येऊन, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "जावळ आलंय गो तुला."