घोडीच्या खुराच्या एमआरआयसाठी पूर्ण भूल द्यावी का?

उचगावचा घोडेवाला:
आमची काठेवाडी घोडी, नऊ वर्षांची, वरातीला जाते. दिवाळीपास्नं पुढच्या डाव्या पायानं लंगडतीय. नालबंदानं नाल काढून बघितला, एक्स-रे साफ. डॉक्टरांनी टाचेकडची नस बधिर केली तर सरळ चालली! आता एमआरआय म्हणतायत, सोय कुठं होतीय ते बघतायत, पण पूर्ण भूल द्यावी लागंल म्हणे. आमचे आबा घोडं आडवं पाडायचं नाव काढलं की ताटावरनं उठायचे. कुणाला अनुभव?

जुना मोतद्दार:
भावा, रेसच्या तबेल्यात पंधरा वर्षं काढली. भूल चढताना मी कधी घाबरलो नाही, उठताना मात्र देव आठवायचे. घोडं भित्रं जनावर, डोळा उघडला की पळायलाच बघतंय, आणि पाय अजून झोपलेले. भिंतींना गाद्या लावलेली खोली, डोक्याला अन् शेपटीला दोर, तरी एका शिंगराचा मागचा पाय माझ्यासमोर मोडला. साध्या तपासणीला नेलेलं. त्यावर अजून बोलवत नाही.

पशुवैद्य, कसबा बावडा:
आबांची भीती अगदीच खुळी नव्हती. 2002 साली छापलेल्या मोठ्या पाहणीत पोटशूळाचे घोडे वगळूनही भुलेनंतरच्या आठवड्यात 0.9 टक्के दगावले होते, म्हणजे शंभरात जवळपास एक. 2021 च्या पाहणीत ते 0.6 वर आलं. माणसांच्या मानानं हे फारच जास्त. चार-पाचशे किलोचं अंग तासभर एका कुशीवर पडलं की खालच्या स्नायूंना रक्त कमी पडतं, फुफ्फुसं दबतात, रक्तदाब उतरतो. नंतर आतडी मंदावून पोटशूळही होतो.

पण खुरासाठी आडवंच पाडावं लागतं असं नाही. उभ्या घोड्याच्या पायाचा एमआरआय काढणारी यंत्रं आहेत, त्याला नुसतं गुंगीचं इंजेक्शन पुरतं. घोडं हललं की चित्र बिघडतं आणि बारकावे कमी दिसतात, एवढंच. आधी डॉक्टरांना विचारा, एमआरआयमध्ये काहीही निघालं तरी उपचार बदलणार आहे का? नसेल तर टाचेला आधार देणारा नाल, विश्रांती आणि दोन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे, हे मी आधी करीन.

उचगावचा घोडेवाला:
विचारलं. म्हणाले, नाल तर कसाही बदलायचाच. सोमवारी नालबंद येतोय. या सीझनच्या वराती सोडल्या.