पेठेच्या भिंतीवर मेस्सी आहे, आपला फॉरवर्ड का नाही?

पंचगंगा_ते_मर्सी
मी दक्षिण मँचेस्टरला विदिंग्टनमध्ये राहतो. कामावर जाताना कॉप्सन स्ट्रीटच्या कॅफेची भिंत लागते. तिच्यावर इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डचा चेहरा आहे, आक्स नावाच्या चित्रकारानं २०२० मध्ये स्प्रेनं काढलेला. शाळेतल्या गरीब पोरांना सुट्टीतही जेवण मिळावं म्हणून हा गडी सरकारशी भांडला, त्याची आठवण म्हणून. जुलै २०२१ ला युरो फायनलमध्ये त्याची पेनल्टी हुकली आणि त्याच रात्री कुणीतरी ते चित्र विद्रूप केलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी चिठ्ठ्या, कागदाची बदामं, झेंडे चिकटवून सगळी भिंत झाकली.

सुट्टीत कोल्हापूरला आलो होतो. पेठांतून फिरलो तर भिंतींवर मेस्सी, नेमार, रोनाल्डो. ज्यांच्यासाठी आपण शाहू स्टेडियमवर घसा फोडतो त्या पाटाकडील, शिवाजी, दिलबहार या तालमींच्या फुटबॉल संघांतल्या खेळाडूंपैकी एकही भिंतीवर दिसला नाही. दिसले ते वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डावर. आपल्याला आपल्याच माणसांची लाज वाटते का?

बोळातला_बॅक
लाज हा शब्द वाचला आणि झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी चौदा सीझन बॅकला खेळलोय. गुडघा गेला तेव्हा तालमीच्या पोरांनी वर्गणी काढून ऑपरेशन केलं. आमच्या बोळात जिन्याचा कठडा, रिक्षाचं हूड, दुकानाचं शटर, सगळं तालमीच्या रंगात असतं. रंग बघूनच माणूस ओळखतो की आपण कुणाच्या हद्दीत आलो. आमची भिंत ती. चेहरा नसला म्हणून लाज कशी झाली?

चेहरा का नाही तेही सांगतो. सीझन संपला की खेळाडू तालीम बदलतो. मी स्वतः दोनदा बदलली, एकदा पैशासाठी, एकदा रागानं. पहिल्या तालमीनं माझा चेहरा काढला असता तर पुढच्या वर्षी त्यावर डांबर पडलं असतं आणि माझ्या आईला रोज त्याच रस्त्यानं बाजारात जायला लागलं असतं.

तुमच्या शेजारच्या लिव्हरपूलचंच बघा. त्यांच्या ॲनफिल्ड मैदानाजवळ सिबिल रोडला लिव्हरपूलकडून खेळलेल्या ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डचं चित्र आहे, २०१९ चं. काढणारा तुमचा तोच आक्स. चित्राशेजारी शब्द ट्रेंटचेच, की मी लिव्हरपूलचा साधा पोरगा, माझं स्वप्न खरं झालं. २०२५ ला तो स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबला गेला. नोव्हेंबरात माद्रिदचा संघ ॲनफिल्डला यायचा होता, तेव्हा त्याच चित्रावर ‘आदिओस, एल राता’ असं फासलं. म्हणजे ‘चल निघ, उंदरा’. स्वतःच्या गावात, ज्या क्लबात लहानाचा मोठा झाला त्याच्या मैदानाशेजारी. तसलं काही मला आमच्या बोळात नको.

रंगारी_६२
दोघंही भिंतीबद्दल बोलताय, भिंत रंगवणाऱ्याचं नाव कुणीच घेत नाही. बाबूराव पेंटरांचं गाव हे. आम्ही सिनेमाचे बॅनर, दुकानाच्या पाट्या, तालमीचा बजरंगबली, सगळं ब्रशनं केलं. मग डिजिटल आला. संध्याकाळी फोटो द्या, रात्री चौकात बोर्ड उभा. माझ्याबरोबरचे तीन पेंटर आता सेंटरिंगच्या कामावर जातात. मेस्सी काढा, आमचा फॉरवर्ड काढा, गल्लीतला कुणीही काढा, पण हातानं काढा. वर्ल्ड कपच्या वर्षी तरी चार भिंती मिळतात. बाकी तीन वर्षं कोण विचारतंय?

स्टेडियमची_पायरी
पेंटरदादा, तुमचं दुःख खरं आहे, पण मूळ मुद्दा राहिला. आपला फॉरवर्ड म्हणजे कोण? परवाच्या सीझनला आमच्या तालमीचे निम्मे गोल परदेशी खेळाडूंनी केले. नायजेरिया, घानाहून पोरं आणायची, वर्गणीतला मोठा वाटा त्यांना द्यायचा, आणि लहानपणापासून गांधी मैदानात माती खाल्लेला आमचा पोरगा बाकावर. माझा पुतण्या दोन वर्षं बाकावर बसून शेवटी खेळ सोडून एमआयडीसीत लागला. भिंतीवर कुणाला काढायचं हे ठरवण्याआधी मैदानात कुणाला उतरवायचं ते ठरवा.

मंगळवारची_माहेरवाशीण
पायरीवाले, एवढं वाचून गप्प बसवत नाही.

आमच्या वरच्या खोलीत एक सीझन असाच एक परदेशी खेळाडू राहायला होता. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. पहिला महिना नुसता ब्रेड आणि अंडी. मग आमच्या सासूबाईंनी त्याला पांढरा रस्सा पाजला आणि तो रोज सातला खाली जेवायला यायला लागला. सासूबाईंना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नव्हतं, दोघं तासभर बोलायचे. एका महत्त्वाच्या मॅचला त्यानं समोर आलेला गोल घालवला. त्या रात्री आमच्या दारासमोर ज्या शिव्या झाल्या त्या मी इथं लिहू शकत नाही. त्याच्या रंगावरून, त्याच्या आईवरून. देणारी आपलीच पोरं, त्यातली दोन माझ्या माहेरच्या गल्लीतली. तो वर दिवा बंद करून बसला होता. सासूबाई ताट घेऊन जिना चढल्या.

विदिंग्टनच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या तरी चिकटवल्या. आपण काय केलं?

स्टेडियमची_पायरी
ताई, शिव्या देणाऱ्यांत मी नव्हतो आणि त्यांची बाजूही घेत नाही. पण पुतण्याचं दुःख म्हणजे वर्णद्वेष नव्हे. दोन्ही एका तागडीत टाकू नका.

मंगळवारची_माहेरवाशीण
टाकत नाही. पण पुतण्याला बाकावर बसवलं ते तालमीच्या कारभाऱ्यांनी. राग मात्र निघतो तो भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरावर. कारभाऱ्यांच्या दारात जाऊन बोलायची छाती कुणाची होत नाही.

स्टेडियमची_पायरी
हे मात्र बरोबर आहे. मीही गेलो नाही.

पंचगंगा_ते_मर्सी
परकेपणाचा विषय निघालाच आहे तर इटलीतल्या नेपल्सचं सांगतो. तिथल्या स्पॅनिश वस्तीत अख्ख्या इमारतीच्या बाजूवर मॅराडोना आहे. १९९० ला त्याच्या नापोली क्लबनं दुसऱ्यांदा लीग जिंकली तेव्हा काढलेला. मधल्या काळात रंग उडाला, कुणीतरी त्याच्या तोंडाच्या जागी खिडकी पाडली. २०१६ ला वस्तीतल्याच माणसानं पुन्हा रंगवायला घेतला. मॅराडोना अर्जेंटिनाचा, आणि १९९१ मध्ये नेपल्स सोडून गेलेला. तरी भिंत त्याचीच राहिली. बॅकसाहेब, सोडून जाणाऱ्यावर डांबरच पडतं असं नाही.

बोळातला_बॅक
मॅराडोना गेला तो युव्हेंटसला, नापोलीच्या वैऱ्यांकडं, नाही. हिग्वाइन गेला, २०१६ ला, नापोलीतून थेट युव्हेंटसला. त्याची भिंत दाखवा, मग बोलू. आमच्याकडं खेळाडू दुसऱ्या देशात जात नाही, पलीकडच्या चौकात जातो. रोज समोर दिसतो. दोन तालमींच्या डर्बीच्या दिवशी स्टेडियमबाहेर पोलिसांची व्हॅन का उभी असते ते तुम्हाला माहीत आहे. दगड डोक्यात बसलेला माझा मित्र आजही डाव्या कानानं ऐकत नाही. चेहरा काढला की समोरच्यांना नेम धरायला जागा मिळते.

कळंबा_रोड
मग अनिकेत जाधव काढा की भावा! २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताच्या टीममध्ये होता. रिक्षावाल्याचं पोरगं, कोल्हापूरचं. ह्याच्यावर कुठल्या पेठेचं भांडण हाय? लई सोपं हाय की.

बोळातला_बॅक
सोपं नाही. तो घडला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. आपण त्याला दिलं काय? मैदानात खड्डे, आणि खेळून आल्यावर गळ्यात हार. पुणेकरांनी काढलं तर समजू शकतो.

कळंबा_रोड
आसं म्हणला तर कुणालाच काढायला नको. तो परत आला तवा सगळं गाव गेलं होतं बघायला. माझं पोरगं तवा सात वर्षाचं, खांद्यावर घेऊन उभा होतो. त्याला मेस्सी टीव्हीत दिसतो, आणि ह्यो आपल्यासारखं बोलतो. तेवढं बस झालं की न्हाई? तू बॅकला असताना असाच समोरच्याला पायात पाय घालायचास, आता हितं घालतोयस.

बोळातला_बॅक
खेळावर जाऊ नका. चौदा सीझनमध्ये एकच रेड कार्ड आहे.

पोराचं म्हणताय ते पटतंय, म्हणून एवढंच मान्य करतो की अनिकेतवर डांबर टाकायला कुणी येणार नाही. पण ते गावाचं चित्र झालं, तालमीचं नाही. मूळ पोस्ट तालमीच्या खेळाडूंबद्दल होती, आणि त्यावर माझं मत आहे तेच आहे. रंग लावा, चेहरा नको.

पंचगंगा_ते_मर्सी
‘लाज’ हा शब्द मागे घेतो. तुमच्या आईचं वाचल्यावर तो चुकीचाच वाटला. बाकी पोस्ट मागे घेत नाही. इकडं माझा मुलगा भिंतीकडं बोट करून विचारतो, हा कोण, आणि मी पाच मिनिटं सांगू शकतो. कोल्हापुरात नुसत्या रंगाच्या भिंतीकडं बोट करून त्यानं विचारलं तर मी काय सांगू?

बोळातला_बॅक
सांगा, हा आपला रंग. आमच्या बापानं आम्हाला तेवढंच सांगितलं होतं, आणि मी चौदा सीझन खेळलो.

मंगळवारची_माहेरवाशीण
तुमचं चालू द्या. आमच्या घराची बोळातली बाजू मोकळी आहे, साधारण अठरा फूट रुंद. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्या जिन्यावर ताट घेऊन उभ्या आहेत आणि वरच्या पायरीवर तालमीच्या जर्सीतला तो पोरगा बसलाय, एवढंच मला काढून पाहिजे. चेहरा त्याचा ओळखू येऊ नये, पाठमोरा चालेल. सासूबाईंचा मात्र ओळखू आला पाहिजे. कुठल्या तालमीला काय वाटेल ते वाटू दे, भिंत आमची आहे. रंगारीदादा, जमेल का?

रंगारी_६२
जमेल. आधी भिंत बघायला लागेल. जुनी माती-विटांची असेल तर खालचे तीन फूट ओल धरतात, तिथं रंग एका पावसाळ्यात फुगतो. तेवढा पट्टा खरवडून चुन्याचा गिलावा करून घ्या, मग दिवाळीपर्यंत वाळू द्या. जिना खालून सुरू करायचा का मधून, ते ओल बघून ठरवू. सासूबाईंचा फोटो असेल तर साधा द्या, लग्नातला नको.