लेकराचं लक्ष मशीन मोजणार का माणूस?

निलंग्याची आई: काल इथं कुणीतरी लिहिलं, "एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चळवळेपणाची, समोर बसून घेतलेली चाचणी म्हणजे तपासणाऱ्याची मर्जी. कॉम्प्युटरच खरं सांगतो." वाचून रात्रभर झोप नाही. माझ्या लेकराची कॉम्प्युटरवर झाली. १४ मिनिटं पडद्यावर एकेक अक्षर येतं, एक्स सोडून प्रत्येकाला बटण दाबायचं. मोबाईलवर वाढलेलं पोरगं, चिकटून बसलं. निकाल नॉर्मल! घरी जेवताना चारदा उठतो. पुढं लातुरात एका बाईंनी दीड तास समोर बसवलं. प्रश्न पुरा व्हायच्या आत हा उत्तर द्यायचा, हे त्यांनी बरोबर टिपलं.

परभणीकर: ती पोस्ट माझी. एका लेकरावरून निकाल लावू नका ताई. एक्सवर चुकून दाबलेलं बटण, प्रतिसादाच्या वेळेतला चढउतार मशीन मिलिसेकंदात मोजतं. माणसाला जमतंय? माझ्या भाच्याला समोरच्या चाचणीत विचारलं, वांगं आणि भेंडीत सारखं काय? म्हणाला, "दोन्ही माळवं." म्हणजे आमच्याकडं भाजीपाला. तपासणाऱ्या बाई पुण्याकडच्या, त्यांना कळलंच नाही. शून्य गुण.

गेवराईचा मास्तर: माळव्याला शून्य? अंगाची आग झाली. व्ही. व्ही. कामतांनी १९३४ला बिने ही बुद्धीची चाचणी मराठी-कानडी मुलांसाठी बेतली, पण मराठी म्हणजे कुणाची मराठी? माझ्या वर्गातली लेकरं दिवाळीच्या आगंमागं आईबापासोबत ऊसतोडीला जातात, उन्हाळ्यात परततात. आपल्या बोलीत विचारल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. मग शेरा पडतो, "लक्ष नाही."

परभणीकर: मग माना की! बटणाला बोली लागत नाही.

निलंग्याची आई: लागते! सूचना इंग्रजीत, ऑपरेटर घाईत. कीबोर्ड पहिल्यांदा बघणाऱ्या लेकराचं काय? मला पुरावे शिकवू नका, माझं पोरगं माझ्यासमोर आहे.

हिंगोलीची समुपदेशक: बोलीचा मुद्दा खराच आहे. पण एडीएचडीचं निदान एकट्या कुठल्याच चाचणीवर होत नाही. डीएसएम-५, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक, त्याप्रमाणं काही लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून आणि दोन किंवा जास्त ठिकाणी दिसावी लागतात. म्हणजे आईशी, मास्तरांशी बोलणं आलंच. उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेनं २०२४ मध्ये ६ ते १७ वयासाठी क्यूबीटेस्ट ही कॉम्प्युटरवरची चाचणी वापरता येईल असं सांगितलं, तेही नेहमीच्या तपासणीच्या जोडीला.

परभणीकर: जोडीला, एवढं मानतो. "कॉम्प्युटरच"मधला 'च' मागं घेतला. भाच्याचा शून्य कोण मागं घेणार?

गेवराईचा मास्तर: कागद घेऊन पुन्हा जा. मी सोबत येतो, माळवं म्हणजे काय ते बाईंना मी सांगतो.